हसण्याची आज्ञा मिळालेले प्रेक्षक

(पुण्यात एकांकिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण सध्या पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमींत आहेत. म्हणून आज एका फसलेल्या लेखनाबद्दल बोलतो. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळप्रवासावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला चौथा भाग, ‘द आउटरेजस ओकोना’, डिसेंबर १९८८ मधला. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संपामुळे ते पर्व उशिरा सुरू झालं आणि २२ भागांवर आटोपलं. पण या भागाचं दुखणं संपाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

ओकोना हा एका छोट्या मालवाहू यानाचा कप्तान. यान बिघडतं, एंटरप्राइझ हे मालिकेतलं मुख्य अंतराळजहाज त्याला मदत करतं. जहाजावर पाऊल ठेवताक्षणी तो ट्रान्सपोर्टरवरच्या, म्हणजे माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रावरच्या, तरुणीशी लगट सुरू करतो. पुढे दोन जगांचे प्रमुख त्याला ताब्यात मागतात. एकाचं म्हणणं, याच्यामुळे माझ्या मुलीला दिवस गेले. दुसऱ्याचं म्हणणं, याने आमचं पिढीजात रत्न चोरलं. आणि आपल्याला वाटतं, देऊन टाका एकदाचा!

दोष नटाचा नाही. बिली कॅम्बेल देखणा, सहज वावरणारा नट आहे. एंटरप्राइझचा उपकप्तान रायकर, त्या भूमिकेसाठीही कॅम्बेलचा विचार झाला होता. ओकोना वाह्यात आहे हेही कारण पुरेसं नाही. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे त्याच्यापेक्षा कितीतरी नीच. तरी १९६२ पासून आपण त्याला डोळे विस्फारून पाहत आलो. कारण अत्र्यांनी त्याला कोर्टात उभं केलं. त्याच्यासमोर वकील आहे, फसवलेल्या बायका आहेत, प्रत्येक थापेला कुणीतरी भिडतं. लेखक लखोबाला पुरता ओळखून आहे आणि त्याच्यावर भाळलेला नाही.

ओकोनाचा लेखक मात्र भाळला आहे. जहाजावरची समुपदेशक ट्रॉय मनांचा ठाव घेणारी. तिच्या तोंडी ओकोना कसा खट्याळ, बेछूट आहे याचं वर्णन घातलं आहे, ते जवळजवळ प्रशस्तिपत्रच. रायकर गालात हसतो. बायका तर क्षणात विरघळतात. सुरक्षा अधिकारी वॉर्फ तेवढा डोळे वटारतो. ज्या माणसांवर आपण एक अख्खं पर्व जीव लावला, ती या पाहुण्यासाठी आपापली बुद्धी बाजूला ठेवतात. मला राग येतो तो याचा. पात्र मोठं करण्यासाठी बाकीच्यांना लहान केलं की प्रेक्षक त्या पात्राला क्षमा करत नाही.

गंमत म्हणजे याचं निदान त्याच भागात आहे. विनोद म्हणजे काय, या प्रश्नाने यंत्रमानव डेटा झपाटला आहे. होलोडेकवर, म्हणजे हवा तो आभासी देखावा उभा करणाऱ्या खोलीत, तो एका विनोदवीराकडून धडे घेतो, मग खोट्या प्रेक्षकांसमोर स्वतः उभा राहतो. हशाच हशा! हळूहळू त्याच्या लक्षात येतं की हे काहीही बोललं तरी हसतात. तशी आज्ञाच त्यांना आहे. तो कार्यक्रम बंद करतो. डेटाला जे कळलं ते पटकथेला कळलं नाही. ओकोनाभोवतीची सगळी एंटरप्राइझ हा तसाच आज्ञा मिळालेला प्रेक्षकवर्ग आहे.

करंडकाच्या प्रयोगाला भरत नाट्य मंदिरात तुमच्याच कॉलेजची मुलं पुढच्या रांगांत बसतात, ‘आवाज कुणाचा’ची आरोळी ठोकतात आणि पहिल्या वाक्याला हसतात. त्यांचं प्रेम खरं आहे. पण तुमचं पात्र चाललं की नाही, हे मागे बसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलांकडे पाहून ठरवा.

शेवटी उलगडतं की ओकोना दोन्ही आरोपांत निर्दोष आहे. मुलीचा प्रियकर दुसऱ्या घराण्यातला. रत्न त्यानेच तिला दिलेलं. ओकोना त्या दोघांमधला दुवा होता आणि त्यांचं गुपित जपण्यासाठी गप्प राहिला. अहो, किती सुंदर आहे हे! बढाईखोर माणूस एका बाबतीत मात्र तोंड मिटून बसतो. त्याचा एकमेव मोठा गुण लेखकाने रहस्यासाठी शेवटापर्यंत दडवला, आणि तोवर दाखवलं काय, तर त्याचे दात. मी लिहीत असतो तर पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला त्या दोघांचा निरोप त्याच्या खिशात दाखवला असता. मग एंटरप्राइझचा कप्तान पिकार्ड खडसावून विचारतो, ओकोना टवाळी करून प्रश्न टाळतो, आणि ती टवाळी त्याला किती महाग पडते आहे हे आपल्याला ठाऊक असतं.