म्हाताऱ्या तट्टाची किंमत

(मुलांच्या घोडेस्वारी वर्गाच्या पालकांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी ‘आता आपलेच एक तट्टू घेऊ या’ हा विषय जेवताना निघून गेला आहे, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. वय झालेले तट्टू मुलासाठी घ्यावे का आणि मालक सांगेल ती किंमत त्याला द्यावी का, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. मुलाच्या पहिल्या घोड्यासाठी वयाचे पैसे जास्त मोजावेत, मात्र त्या वयात जनावराने नेमके कोणते काम केले आहे याची खात्री करून मगच मोजावेत.

हे मत लोकांच्या गळी उतरत नाही, कारण पुण्यामुंबईत शर्यतीतून बाहेर पडलेला पाचसहा वर्षांचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, पुष्कळदा अगदी स्वस्तात मिळतो, आणि मग सोळा वर्षांच्या, पोट सुटलेल्या तट्टासाठी जास्त पैसे का द्यायचे, असा रास्त वाटणारा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर असे की, त्या थरोब्रेडला आजवर वेगाने पळण्याचे पैसे मिळाले आहेत आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला तो थांबायला हवा आहे.

दुसरी तक्रार आपल्या जुन्या अश्वपरीक्षेविषयी आहे. शालिहोत्राच्या, म्हणजे प्राचीन अश्वशास्त्राच्या, परंपरेत पुष्कळ बारीक निरीक्षण आहे, हे मी आदराने मान्य करतो. पण बाजारात त्यातले शिल्लक राहिले आहेत ते भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची शुभ-अशुभ मानलेली वळणे. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला की किंमत चढते, डोळ्याखाली आसूढाळ नावाचा असला की गिऱ्हाईक पाठ फिरवते, आणि नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र, रंग असेल तर पायांकडे पाहण्याचे कोणाला सुचतही नाही. डोळ्याखालच्या भोवऱ्यामुळे कोणाचे मूल पडल्याचे मी पाहिलेले नाही. खोगिराचा पट्टा ओढताच चावणाऱ्या पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय व तोंड पांढरे असलेल्या शुभलक्षणी, घोड्यामुळे मात्र पाहिले आहे.

आता सारंगखेड्याची गोष्ट. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे आपणांस ठाऊक आहेच. एक परिचित गृहस्थ मुलीसाठी तट्टू पाहायला निघाले आणि मलाही बरोबर घेऊन गेले. तिथे त्यांना एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी आवडली. व्यापाऱ्याने वय आठ वर्षे सांगितले. बाजारातले घोडे आठव्या वर्षानंतर वाढदिवस करीत नाहीत, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. खालच्या पुढच्या दातांतले खळगे साधारण सहाव्या ते आठव्या वर्षांत झिजून जातात आणि त्यानंतर सामान्य गिऱ्हाइकाला दातांतून काही कळत नाही; व्यापाऱ्याची सोय तिथे होते. तरी वरच्या जबड्यातला कोपऱ्याचा दात पाहावा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यावर हिरडीलगत एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्याच्या आसपास ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्याच्या सुमारास खालच्या कडेला पोचते. हा अंदाजच असतो, पण आठ आणि सतरा यांतला फरक ओळखायला तो पुरतो. घोडी सतराच्या घरातली होती.

आमचे गृहस्थ संतापले आणि बराच वेळ वयावरून भांडले. घोडी त्या सगळ्या गोंगाटात, ध्वनिक्षेपकाच्या अगदी शेजारी, एक पाय सैल सोडून शांत उभी होती आणि व्यापाऱ्याचा नातू तिच्या पोटाखालून ये-जा करीत होता. अशी जनावरे फार मिळत नाहीत, म्हणून वयाचे भांडण मिटवून मी व्यापाऱ्याला एक विनंती केली: नातवाला वर बसवा, लगाम त्याच्या हातात द्या आणि तुम्ही वीस पावले दूर जाऊन उभे राहा. मुलाने लगाम डावीकडे ओढला, टाचा मारल्या, तोंडाने चक्चक् केले. घोडी सरळ चालत मालकापाशी गेली आणि त्याच्या खांद्याला तोंड लावून उभी राहिली. तिची सगळी हयात लग्नाच्या वरातीत गेली होती. फटाके, बँड, नाचणारे वऱ्हाड यांतले काहीही तिला बिचकवू शकत नव्हते, पण दोर धरणाऱ्या माणसाखेरीज कोणाचे ऐकायचे असते, हे तिला कधी शिकवलेच गेले नव्हते. माथेरानला पर्यटकांना फिरवणाऱ्या कित्येक घोड्यांची गत हीच असते. किंमत मात्र शिकवलेल्या तट्टाची सांगितली होती, आणि भांडायचेच असेल तर ते यावरून भांडायला हवे होते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, त्यामुळे तट्टू पारखण्याचा आणि किमतीचा हिशेब आता घाईनेच मांडतो.

घोडा पाहायला न कळवता जावे, कारण आधीच दमवून किंवा गुंगीचे औषध देऊन शांत केलेले तट्टू ओळखता येत नाही. त्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने सरळ चालवावे. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलले जाते. वेदनाशामक दिल्याची शंका आली तर पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना घ्यावा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उन्हाळ्यातही अंगावर लांब कुरळे केस राहिले असतील, खुरांवरच्या वळ्या टाचेकडे रुंद होत गेल्या असतील किंवा अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून पडत असतील, तर ग्रंथीचा विकार, खुरांची सूज आणि दात यांचा खर्च अनुक्रमे पुढे उभा आहे. सांध्यांच्या थोड्या ताठरपणामुळे मात्र मी सौदा मोडणार नाही. चालणे आणि दुडकी एवढेच काम असेल तर अशी तट्टे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. त्यासाठी किंमत कमी करून घ्यावी.

खोगिरासह स्वाराचे वजन तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. म्हणजे दोनशे किलोच्या तट्टावर चाळीस किलो, आणि मुले वाढतात. समजा, ऐंशी हजारांचे सोळा वर्षांचे तट्टू आपले मूल चार वर्षे वापरणार असेल, तर वर्षाला वीस हजार पडले, आणि चारा, नालबंद व औषधे यांपुढे ही रक्कम लहानच ठरते. पण चांगली निगा राखली तर तट्टू पंचवीस-तीस वर्षे जगते, म्हणून मूल उतरल्यानंतरच्या वर्षांचा चाराही आजच किमतीत धरावा, किंवा ते पुढे कोणाकडे जाणार हे विकणाऱ्याशी लेखी ठरवावे. पंधरा दिवस घरी ठेवून पाहण्याची मुभाही त्याच कागदावर घ्यावी. ती नाकारणाऱ्याकडून मी तट्टू घेणार नाही, मग त्याच्या गळ्यावर दोन देवमण असले तरी.