बर्फ कुठे धरलाय, ते आधी बघा

मी फ्रीझर दुरुस्त करतो. मे महिना संपत आला की माझ्या फोनला उसंत नसते. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. म्हणून शेवटच्या आठवड्यात हर्णै बंदरावरच्या लिलावातून लोक सुरमई, कोळंबी घेऊन येतात. आमरसाचे डबे भरायचे असतात ते त्याच दिवसांत. मुंबईची मंडळीही तेव्हाच घरात. हे सगळं एका फ्रीझरमध्ये एकाच संध्याकाळी कोंबलं जातं, आणि सकाळी फोन येतो, "दादा, गॅस गेला वाटतं. जरा येऊन भरून जा."

तुमच्यातल्या बऱ्याच जणी घरून उकडीचे मोदक, सांदणं, खोबऱ्याचा चव असं करून विकता, म्हणून तुमच्याकडे उभे फ्रीझर आले. कपाटासारखे, एका दाराचे, आत सगळे गोठवायचेच कप्पे. आज या 'गॅस गेला' शब्दांपासूनच सुरुवात करतो, कारण यावरच सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात.

फ्रीझरमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. बाहेरच्या नळ्यांमध्ये उष्णता सोडून त्याचा द्रव होतो. मग केसासारख्या बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, आत जातो, तिथे उकळतो आणि उकळताना मालाची उष्णता ओढून घेतो. परत कॉम्प्रेसरकडे. सगळ्या नळ्या डाग देऊन बंद केलेल्या. तोच गॅस वीस वर्षं फिरू शकतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे गळक्या कळशीत पाणी ओतणं. 'दर दोन वर्षांनी टॉपअप करावा लागतो' असं कोणी सांगितलं तर त्याला चहा द्या आणि दार दाखवा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चूक करून शिकलोय. धंद्यात नवीन होतो. एका घरचा फ्रीझर गार होईना, म्हणून टेम्पोत घालून दुकानात आणला. दोन दिवस पडून होता. मग गॅस काढला, नवा भरला, चालू केला, मस्त उणे १८. पोचवला, पैसे घेतले. आठव्या दिवशी फोन, पुन्हा तसंच. पुन्हा आणला, पुन्हा ठीक, पुन्हा आठवड्याने बंद. तिसऱ्या वेळी त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे नेला की त्याचा बर्फ वितळतो, म्हणून चालतो तो." आजींचं शिक्षण चौथी. मला आयटीआयचं सर्टिफिकेट. बरोबर आजी होत्या.

झालं होतं ते असं. नो-फ्रॉस्ट फ्रीझरमध्ये गार करणारी कॉइल मागच्या पॅनलच्या आड लपलेली असते आणि एक पंखा तिच्यावरची हवा कप्प्यांत फेकतो. हवेतली वाफ या कॉइलवर बर्फ होऊन बसते. साधारण दर आठ-दहा तासांनी एक हीटर थोडा वेळ लागून तो बर्फ वितळवतो, यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात, आणि पाणी एका नळीने खाली कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत जाऊन सुकतं. हा हीटर, त्याला चालू-बंद करणारा टायमर किंवा बोर्ड, नाहीतर बायमेटल नावाचा बोटभर तुकडा, यांतलं काहीही गेलं की बर्फ वितळायचा थांबतो. आठवडाभरात कॉइलचा पांढरा ठोकळा होतो, त्यातून हवा जात नाही, आणि कॉम्प्रेसर धडधडत असताना आत मासे मऊ पडतात. फ्रीझर दोन दिवस बंद ठेवला की ठोकळा वितळतो आणि सगळं नव्यासारखं. दुकानात मी गॅस बदलत होतो, दुरुस्ती वेळ करत होता. आजींचे पैसे मी परत केले, पण तेव्हापासून कुठल्याही फ्रीझरपुढे गेलो की पहिलं बघतो ते एकच, बर्फ कुठे धरलाय. तुम्हीही तेच बघा. स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

नो-फ्रॉस्टमध्ये मागच्या पॅनलवर पांढरा थर आला, पॅनल फुगल्यासारखं वाटलं, तर डीफ्रॉस्टचा बिघाड. सामान काढा, पिन काढा, दार उघडं ठेवून पूर्ण चोवीस तास बंद ठेवा. खाली जुनी चादर. मग चालू करा. आठवडाभर उत्तम चालून पुन्हा बिघडला तर निदान पक्कं झालं, आणि मेकॅनिकला फोनवरच सांगा, "डीफ्रॉस्ट होत नाहीये, हीटर आणि बायमेटल तपासायला मीटर घेऊन या." हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस जरा जपून बोलतो. गॅस म्हणायच्या आधी मागचं पॅनल तुमच्यासमोर उघडायला लावा. कॉइल सगळीकडे सारखी पांढरी असेल तर गॅस पुरेसा आहे. एका कोपऱ्यात, कॅपिलरी जिथे आत शिरते तिथेच, बर्फाचा गोळा आणि बाकी कॉइल कोरडी, तर गॅस कमी आहे, म्हणजे गळती. आणि कुठेच बर्फ नाही, कॉम्प्रेसर मात्र न थांबता चालतोय, तर एकतर गॅस पूर्ण गेला किंवा कॉम्प्रेसर नुसता फिरतोय, दाब देत नाही. तिथे आपलं काम संपलं.

दुसरा प्रकार साध्या फ्रीझरचा. यात प्रत्येक फळीच गार करणाऱ्या नळ्यांची बनलेली असते, पंखा नाही. इथेही तोच न्याय. वरच्या एक-दोन फळ्यांवर बर्फ आणि खालच्या कोरड्या, तर गॅस कमी. सगळ्या फळ्यांवर सारखा थर, तर तब्येत ठणठणीत, फक्त तो थर अर्ध्या सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका. बर्फ हा गारवा देणारा नसतो हो, तो नळीवर घातलेली रजई असतो.

आणि तो काढताना, हात जोडून सांगतो, सुरी नको, उलथणं नको, नारळ सोलायचा कोयता तर नकोच. हसू नका, कोयता मी पाहिलाय. फळीतली नळी पातळ, टोक लागलं की फुस्स, आणि एका सेकंदात फ्रीझर भंगार. पूर्वी या नळ्यांमध्ये आर-१२ नावाचा गॅस असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल कराराने त्याला घालवलं, मग आर-१३४ए आला. आता नव्या फ्रीझरमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. घरगुती यंत्रात १५० ग्रॅमच्या आतच असतो, आपल्या सिलिंडरमधल्या १४.२ किलोपुढे काहीच नाही, म्हणून घाबरू नका. कॉम्प्रेसरजवळ पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चित्र दिसलं तर ओळखा तोच. नळी फुटून फुस्स झालंच तर शेगडी बंद, खिडक्या उघड्या, जवळच्या कुठल्याही बटणाला किंवा पिनेला हात नाही. मेन स्विच दुसऱ्या खोलीत असेल तर तिथून बंद करा. आणि अशा फ्रीझरवर थेट गॅसची बत्ती पेटवणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा.

बर्फ काढायची रीत साधी. पिन काढायची, माल थर्माकोलच्या खोक्यात नाहीतर गोधडीत गुंडाळून ठेवायचा, फळ्यांवर गरम पाण्याची पातेली ठेवून दार लोटून घ्यायचं. वीस मिनिटांत पापुद्रे आपोआप सुटतात. कोरड्या फडक्याने पुसून मगच चालू.

आता बर्फ दाराच्या कडेला किंवा दाराच्याच एखाद्या कोपऱ्यात धरत असेल तर दोष दाराच्या रबराचा, किंवा पुढे आलेल्या एखाद्या पिशवीचा. रात्री दिवे घालवून आत पेटती टॉर्च ठेवा, दार लावा, कुठून उजेड येतो बघा. रबरात लोहचुंबकाची पट्टी असते, ती बहुधा शाबूत असते. रबर मळाने चिकट झालेलं असतं किंवा दुमडलेलं. कोमट साबणाच्या पाण्याने घड्यांमधून पुसा. दुमडलं असेल तर केस सुकवायच्या ड्रायरने जरा ऊब देऊन बोटाने सरळ करा आणि दार रात्रभर बंद ठेवा. निम्म्या घरांत यावरच भागतं.

उभ्या फ्रीझरला आडव्यापेक्षा हे रबर जास्त महत्त्वाचं. गार हवा जड असते. आडव्याचं झाकण उघडलं तरी ती विहिरीतल्यासारखी आत बसून राहते. उभ्याचं दार उघडलं की ती सगळी पायांवर सांडते, तळपायाला गार लागतं ना तेच, आणि तिच्या जागी आपली कोकणची दमट हवा आत शिरते. ती गार होऊन आकसते, म्हणून लगेच पुन्हा उघडायला गेलात तर दार आत ओढल्यासारखं घट्ट लागतं. बिघाड नाही तो. मिनिटभर थांबा, सुटतं. हिसका मारला तर रबर फाटतं.

तळाशी, सगळ्यात खालच्या खणाखाली, काचेसारखा बर्फ साचतो तो पाण्याच्या नळीत कचरा अडकल्याचा. बहुतेकदा मटाराचा दाणा नाहीतर पिशवीचा तुकडा. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी भोकात सोडा, दोन-तीनदा. तार घालू नका.

पंख्याबद्दल थोडंच. दार उघडलं की तो थांबतो, म्हणून लोकांना वाटतं बंद पडला. चौकटीवरचं दाराचं बटण बोटाने दाबून धरा, आवाज यायला हवा. खर्र खर्र आला तर पात्यांना बर्फ लागतोय, म्हणजे पुन्हा डीफ्रॉस्टपाशीच आलो.

आता मघाचा तो मे अखेरचा फोन. तिथे बहुतेक वेळा फ्रीझर बिघडलेलाच नसतो. आमरस बहुतांशी पाणीच. तीस अंशांचं एक किलो पाणी उणे १८ला न्यायला लागतात अंदाजे ५०० किलोज्यूल. त्यातले ३३४ फक्त शून्याच्या पाण्याचा शून्याचा बर्फ करण्यात जातात, तापमान एक अंशही न उतरता. म्हणजे दोन तृतीयांश कष्ट तुम्हाला दिसतच नाहीत. डबा गार लागतो पण गोठत नाही, आणि तुम्ही म्हणता गॅस गेला. चोवीस तासांत किती किलो गोठेल हे फ्रीझरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेवढंच रोज घाला. चपट्या पिशव्या, पहिल्या रात्री एकमेकींपासून सुट्या, नंतर हव्या तर रचा. डबा असेल तर वर बोटभर जागा, गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं. बांगडा मात्र फार साठवू नका, तेलकट मासा उणे १८लाही दोन-तीन महिन्यांत खवट व्हायला लागतो. हे मेकॅनिक म्हणून नाही, खाणारा म्हणून सांगतोय.

एका वहिनींनी चिठ्ठी दिलीय, बाजूचे पत्रे गरम लागतात, शॉर्टसर्किट असेल का? नाही. आतून ओढलेली उष्णता कुठेतरी सोडायला हवी ना. पुष्कळ फ्रीझरमध्ये बाहेरच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, एक नळी दाराच्या चौकटीभोवतीही फिरवतात, तिथे दव धरू नये म्हणून. पत्रे गरम म्हणजे यंत्र काम करतंय. फक्त दोन्ही बाजूंना आणि मागे चार बोटं जागा सोडा, आणि त्या पत्र्यात स्क्रू मारून नॅपकिनची कडी लावू नका. हेही पाहिलंय. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र लगेच बंद करून अर्थिंग तपासून घ्या.

विजेचं सांगतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर सुटत नाही. 'टक्' आवाज, जरा गुणगुण, पुन्हा 'टक्'. तो ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा तुकडा, कॉम्प्रेसरला वाचवतोय. तसं तासभर चालू देऊ नका, बंद करा. साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर असेल तर स्टॅबिलायझर घ्या, वीज परत आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून चालू करणारा. गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. व्होल्टेज ठीक असूनही टक् टक् होत असेल तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारी डबी, बघा, कॉम्प्रेसर गेला म्हणण्याआधी. रिलेच्या डबीत मी मेलेल्या पाली काढल्यात.

निसर्ग वादळाला, ३ जून २०२०ला, दापोली-मंडणगडकडे वीज गेली ती काही गावांत कित्येक दिवस आली नाही. तेव्हा कुठलीच युक्ती पुरली नाही, माल टाकावा लागला. पण एक-दीड दिवस गेली तर भरलेला फ्रीझर न उघडता निभावतो, अर्धा भरलेला त्याच्या निम्मा वेळ. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. आणि तुम्ही गावाला गेलात तर मागे काय झालं ते कळायला एका वाटीत पाणी गोठवून वर रुपया ठेवा. परत आल्यावर रुपया वरच असेल तर ठीक. तळाला गेला असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते मासे कितीही कडक दिसले तरी खड्ड्यात पुरा. मांजरालाही घालू नका.

शेवटचा प्रश्न, घर बदलताना फ्रीझर आडवा नेला तर? शक्यतो उभाच न्या. आडवा करावाच लागला तर पोचल्यावर सरळ उभा करून रात्रभर तसाच राहू द्या, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं ते खाली उतरायला हवं. आणि टेम्पोवाल्याला दाराच्या कडीला दोरी बांधू देऊ नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात टॉर्च घेऊन बसाल.