साडेदहाची भूक

(दृश्य : अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण, परिपाठाच्या रांगा.)

राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. आता दिनविशेष सुरू आहे आणि तो लांबलाय. सातवीच्या रांगेतली एक मुलगी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहतेय. सकाळी घरून निघताना तिनं चहात बुडवून एक बटर खाल्लं, तेवढंच. आत्ता साडेदहा वाजलेत आणि तिच्या पोटातली गुरगुर शेजारणीला ऐकू जातेय. दोघी ओठ दाबून हसतायत.

पोट रिकामं झालं की जठरापासून आकुंचनाची एक लाट निघते आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जाते. साधारण दर दीड तासानं. मागे राहिलेले अन्नाचे कण, पाचकरस, हवा असं सगळं ती पुढे ढकलते. आत अन्न असेल तर आवाज दबतो, नसेल तर घुमतो. पोटात कावळे ओरडतायत असं आपण म्हणतो, तेव्हा आत खरं तर झाडलोट चाललेली असते.

आज तिसऱ्या तासाला विज्ञान आहे. धडा पचनसंस्थेचा.

(दृश्य : वर्ग. टेबलावर दोन परीक्षानळ्या, आयोडीनची छोटी बाटली, वाटीत भात.)

भात शाळेच्याच स्वयंपाकघरातून आलाय, आयोडीन तालुक्याच्या मेडिकलमधून. एका नळीत साधा भात आणि पाणी. दुसऱ्या नळीसाठी कुणीतरी भात चावून द्यायचाय.

"कोण येतंय?" मॅडम विचारतात. सगळे खाली बघतात. शेवटी परिपाठात चुळबुळ करणारी तीच मुलगी उठते. तिला तशीही भूक लागलीय.

ती घास चावते, चावत राहते. मॅडम म्हणतात, "गिळू नकोस गं!" वर्ग खिदळतो. लाळेनं पातळ झालेला तो भात नळीत जातो, वर थोडं पाणी. मग ती नळी मुठीत धरून बसायचं, कारण लाळेतल्या विकराला, म्हणजे अन्न मोडणाऱ्या घटकाला, अंगाइतकी ऊब लागते. दहा-पंधरा मिनिटं जातात. मुलीचा हात अवघडतो, पण मूठ सुटत नाही.

आता आयोडीनचे दोन-दोन थेंब. साध्या भाताची नळी बघता बघता काळीनिळी होते. मुठीतल्या नळीत मात्र आयोडीनचा पिवळसर तपकिरी रंग जवळपास तसाच राहतो.

"मॅडम, माझ्यातला भात गेला कुठं?"

भात तिथेच आहे. त्यातलं पिष्ट (स्टार्च) मात्र बरंचसं मोडलंय, त्याची साखर झालीय, आणि आयोडीनला निळं व्हायला पिष्टच लागतं. ज्याला पटत नसेल त्यानं घरी भाकरीचा तुकडा गिळायच्या आधी खूप वेळ चघळून बघावा. हळूहळू गोड लागतो.

एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'अन्नाचे पचन मुखापासून सुरू होते' हे वाक्य पाठ करावं लागत नाही. पाठांतराचा आमचा राग नाही. पण हीच मुलं पचनसंस्थेची आकृती सुबक काढतात, पट्टीनं रेघा मारून यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय अशी नावं देतात, आणि "तुझं जठर कुठंय?" विचारलं की बेंबीवर हात ठेवतात. जठर त्याहून वर असतं, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला. बेंबीभोवती मुख्यतः लहान आतड्याची वेटोळी.

हा फरक फक्त मार्कांपुरता नाही. छातीच्या खाली जळजळ होते ते वेगळं, आणि बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, सोबत ताप-उलटी असली, तर ते वेगळं. ते अपेंडिक्स असू शकतं. तिथे ओवा चावत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. मुलाला नेमकं बोट ठेवून सांगता आलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

(दृश्य : मुलं सुतळी मोजतायत.)

लहान आतडं सुमारे सहा मीटर. सुतळीचं एक टोक फळ्याशी धरलं तर दुसरं दारातून व्हरांड्यात जातं. मोठं आतडं दीड मीटर, म्हणजे नावात मोठं, ते रुंदीनं. एवढी सुतळी पोटात कशी मावते, हे बघायला दोघं जण ती गुंडाळून शर्टाखाली कोंबतात.

(दृश्य : दुपारची सुट्टी. व्हरांड्यात पंगत.)

आता खिचडी. सहावी ते आठवीच्या मुलासाठी सरकारी प्रमाण ठरलेलं आहे : १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. त्यातून ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. २०२३ च्या शेवटी महाराष्ट्रात आठवड्याला एक अंडंही सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा सरकारी निधी थांबला. पोरांना निधी कळत नाही, बुधवारचं अंडं कळतं.

आणि नागली, म्हणजे नाचणी? ती याच डोंगरात पिकते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली, त्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा फोटो शाळेच्या भिंतीवर आहे. डब्यात मात्र पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट येतं. सुट्टीच्या आधीच ज्यानं ते फोडलं, त्याची खिचडी निम्मी उरते. कुणाची, हे वाढणाऱ्या ताईंना बघता क्षणी कळतं.

श्लोक होतो आणि पाच मिनिटांत ताटं रिकामी. खेळायला पळायचं असतं. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं जातात, इथे तेवढ्यात कबड्डीचा एक डाव होतो.

(दृश्य : वर्गातला पुठ्ठ्याचा खोका, वर चीर पाडलेली.)

जे तोंडानं विचारवत नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. शनिवारी खोका उघडतो.

पहिली चिठ्ठी : 'परीक्षेच्या दिवशी पोट का बिघडतं?'

याच्या उत्तरासाठी थेट अमेरिकेत जावं लागतं. १८२२ चा जून, मॅकिनॉ बेट. अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळानं ओढून पाहिले. जठररस बाटलीत काढून, अंगाइतक्या उबेत ठेवून, त्यात मांस विरघळतं हेही दाखवलं. सातवीची ती मूठ आणि ही बाटली, युक्ती एकच. बोमाँटना आणखी एक दिसलं : सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडायचं. १८३३ मध्ये ही निरीक्षणं पुस्तकरूपानं आली. डॉक्टरांचं नाव झालं, सेंट मार्टिन आयुष्यभर गरीबच राहिला. १८८० मध्ये तो गेला, तेव्हा घरच्यांनी देह सडू दिला आणि खोल पुरला, पुन्हा कुणी डॉक्टर येऊ नये म्हणून. मुलांना गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला.

थोडक्यात, भीती आणि राग पोटाला कळतात. पोट दुखतंय म्हणणारं पोरगं दर वेळी ढोंग करत नसतं.

दुसरी चिठ्ठी : 'निळी गोळी घेतली की शी काळी होते. काही झालंय का?'

काही झालेलं नाही. सहावीपासून पुढे आठवड्याला मिळणारी ही गोळी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची आहे. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून रंग काळा. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घेतली तर मात्र चहातले टॅनिन लोहाला धरून बसतात आणि ते अंगी लागत नाही. लिंबू, आवळा उलट मदत करतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जातं, त्यात सकाळ-संध्याकाळ जेवणाला लागून चहा. पोटातले काही जंतही रक्तावर जगतात, म्हणून १० फेब्रुवारीला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, चावून खायची.

"मॅडम, मग चहा सोडायचा?"

"सोडू नकोस. गोळी आणि जेवण यांच्यापासून तास-दोन तास लांब ठेव."

तिसरी चिठ्ठी मॅडम उघडतात, वाचतात आणि घडी घालून पर्समध्ये ठेवतात. अक्षर मुलीचं आहे : 'तुम्ही जास्त पाणी प्या म्हणता. आम्ही शाळेत पाणी पीत नाही. संडासाला कडी नाही.'

पाणी कमी पडलं की मोठ्या आतड्यात मळ कोरडा होतो, बद्धकोष्ठ होतं. लघवी तुंबवली की जळजळ आणि संसर्गाची धास्ती. हे सगळं मॅडमना फळ्यावर लिहून देता येईल. पण ही चिठ्ठी वर्गात वाचायची नव्हती. ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली, तिथून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत. कडी, कोयंडा आणि चार स्क्रू आणायचं ठरलंय. बसवणारा सुतार सोमवारी येतो म्हणालाय.