जवारी, ट्यूबलाइटचा चोक आणि पाच वॉटचा अ‍ॅम्प

माइक नको मला, मागपर्यंत पोचतंय ना? बरं. ग्रुपवर टाकलंय की मी घरी बनवलेल्या ट्यूब (म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) गिटार अ‍ॅम्पच्या फाइन ट्यूनिंगच्या पाच स्टेप सांगणार. हो, सांगणार. पण साडेसातला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय आणि माझ्या बोलण्याला ब्रेक नाहीत हे जुन्या मेंबरांना माहितीय, तेव्हा कोणीतरी घड्याळाकडे लक्ष ठेवा.

मी मूळची मिरजेची. शाळेतून घरी येताना सतारमेकरांच्या दुकानांवरूनच रस्ता, त्यामुळे जवारी काढणं म्हणजे काय ते गिटार बघायच्या आधी बघितलं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, परत कानस. आणि सगळ्यात शेवटी तारेखाली तो सुती दोरा, तो केसभर सरकवला की मघाशी ठोकळ्यासारखा वाजणारा तंबोरा एकदम बोलायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ट्यूब अ‍ॅम्प असाच लावायचा असतो. आपले लोक काय करतात, आवाज आवडला नाही की बाहेरून जुन्या व्हॉल्व्ह मागवतात, मग दोन हजाराचा कपॅसिटर. अहो दोरा सरकवून बघा की आधी, तंबोरा कशाला बदलताय!

आता माझा अ‍ॅम्प. हा टेबलावरचा. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या चॅम्पचं जुनं सर्किट, पुढे गिटारचा सिग्नल वाढवायला १२एएक्स७ नावाची एक ट्यूब, मागे स्पीकर हलवायला एक ६व्ही६, पाच वॉट. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी हाच बनवलाय. सगळे पार्ट मिळाले, काही मुंबईत लॅमिंग्टन रोडला, काही जुन्या बाजारात, अडलं ते ट्यूब आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. बाहेरून मागवला तर वजनामुळे कुरिअरच ट्रान्सफॉर्मरपेक्षा महाग. म्हणून गेले एका वाइंडिंगवाल्या काकांकडे. आयुष्यभर स्टॅबिलायझर बांधलेला माणूस. त्यांना म्हटलं, काका, ट्यूबला पाच हजार ओहम दिसले पाहिजेत, स्पीकर आठ ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या बाजूला, सेकंडरीला, एक वेढा तर ट्यूबच्या बाजूला, प्रायमरीला, पंचवीस. काका म्हणाले, मॅडम, व्होल्ट सांगा, ओहम नका सांगू. (हशा) अर्धा तास गेला. मग मी म्हटलं की यातून सतत डीसी जाणार, तेव्हा ई आणि आय आकाराच्या लोखंडी पत्त्या एकाआड एक उलटसुलट भरू नका, सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद. काका थांबले. म्हणाले, "म्हणजे ट्यूबलाइटच्या चोकासारखं! मग हे आधी बोलायचं ना ताई." मॅडमची ताई झाले आणि काम झालं. इंजिनिअरिंगला या कागदाच्या फटीवर, एअर गॅपवर, दोन लेक्चरं ऐकली होती मी, त्यात कोणी चोक म्हटलं नव्हतं.

आठ दिवसांनी ट्रान्सफॉर्मर आला. जोडला, स्विच टाकला, ट्यूब तापल्या आणि जी किंकाळी सुरू झाली! व्हॉल्यूम शून्यावर, तरी किंकाळी. शेजारच्या आजी दारात, त्यांना वाटलं कुकरची शिट्टी अडकली. पुढचे तीन आठवडे मी काय काय केलं विचारू नका. ट्यूब बदलल्या, कपॅसिटर बदलले, ग्राउंडिंग दोनदा उखडलं. काकांकडे गेले, ट्रान्सफॉर्मर खोलून दाखवा म्हटलं, ते चिडले आणि बरोबर चिडले. शेवटी चहा पिता पिता तेच म्हणाले, स्पीकरच्या दोन वायरी उलट करून बघितल्या का? घरी आले, उलट केल्या, शांत. चॅम्पमध्ये स्पीकरवरून २२ किलोओहममधून थोडा सिग्नल मागे दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जातो, आवाज आवरायला, हाच फीडबॅक. (१२एएक्स७ च्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन ट्यूब असतात; कॅथोड म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारं टोक, प्लेट म्हणजे ते गोळा करणारं, आणि मधली ग्रिड म्हणजे जिथे सिग्नल येतो ते.) वायरी उलट असल्या की तोच सिग्नल आवरायच्या ऐवजी चिथावतो. तीन आठवडे, दोन वायरी! तेव्हापासून ठरवलंय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. ही ती वही, पहिल्या पानावर काकांचा फोन नंबर आहे.

किती वाजले? सात वीस? अरे देवा.

बरं, पटापट. पहिलं, व्होल्टेज मोजा, कान नंतर. माझ्या ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमवर १९ व्होल्ट, म्हणजे ४० मिलीअँपिअर, प्लेट ते कॅथोड ३०० व्होल्ट, गुणाकार झाला १२ वॉट, जुन्या डेटाशीटची लिमिट तीच. हे दुपारी हं. रात्री आमच्याकडे लाइन २३० ची २५० होते, सगळंच आठ-नऊ टक्के वर जातं, ट्यूब तापवणारा हीटरसुद्धा ६.३ व्होल्टचा ६.८ च्या पुढे. दुपारी गोड लागलेला अ‍ॅम्प रात्री कर्कश का, तर हे बघा आधी, ट्यूबला शिव्या नंतर.

दुसरं, हम, म्हणजे स्पीकरमधली घूं घूं. अमेरिकन लोक साठ आणि एकशेवीस हर्ट्झ लिहितात, आपल्याकडे पन्नास आणि शंभर. खालचा घुमतोय तर बहुतेक हीटरच्या वायरी, पिळा त्या नीट. शंभरचा असेल तर फिल्टर कपॅसिटर. शंभर म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, पेटीवर ताडून बघा, मी तसंच ओळखते. (हशा)

तिसरं, खरी जवारी. पहिल्या ट्रायोडचा कॅथोड रेझिस्टर, १.५ किलोओहम. तो १ किंवा २.७ करून बघा. ट्यूबचा कामाचा बिंदू सरकला की लाटेची एक बाजू आधी चपटी होते आणि दुसरा हार्मोनिक वाढतो. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम. तंबोऱ्यात आपण हेच ऐकत असतो. खर्च एक-दोन रुपये.

चौथं, त्याच रेझिस्टरला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर तिथे ०.६८ चा लावा. गिटारची जाड ई ८२ हर्ट्झची, तिचा गेन कमी होतो आणि आवाज वाढवल्यावर जो चिखल व्हायचा तो होत नाही. मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या ब्राइट चॅनेलला २.७ किलोओहमबरोबर हाच ०.६८ असतो. आणि तो मार्शलसुद्धा काय, १९६२ साली लंडनला ड्रमच्या दुकानात फेंडरच्याच बासमन नावाच्या मॉडेलची नक्कल करायला बसले, तिथे मिळतील ते ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब घातल्या आणि वेगळाच आवाज निघाला. तिथे पण कोणी काका असणारच.

पाचवं, फीडबॅकचा तो २२ किलोओहमचा ४७ करा, अ‍ॅम्प जरा मोकळा सुटतो, आणि पहिल्या ग्रिडला ६८ किलोओहम अगदी सॉकेटच्या पिनपाशी, नाहीतर पुणे आकाशवाणी लागते... हो हो, या ना, मृदंग तिकडे ठेवा. उरलेलं खाली चहाला विचारा. आणि मृदंगवाले काका, त्या टेबलाला नका हात लावू, मागची जाळी काढलेलीय, स्विच बंद असला तरी आत तीनशे व्होल्ट आहेत, थांबा, मी आधी डिस्चार्ज करते.