तारीख का हुकते : मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा लांबलेला प्रवास

(पडद्यावर : सिलिकॉनची गोल, चकचकीत वेफर. तिच्यावर बारीक चौकोनांची जाळी.)

ही वेफर. व्यास ३०० मिलिमीटर. कारखान्यात ती कोरी शिरते, तिच्यावर एकावर एक थर चढतात, आणि हे चौकोन, म्हणजे एकेक चिप, पुरे होऊन बाहेर पडायला तीन महिन्यांच्या आसपास वेळ जातो. तातडीच्या वेफर्सना प्रत्येक यंत्रापाशी रांग मोडून पुढे घेतात. त्याने काही आठवडे वाचतात, पण तेवढेच.

सगळ्यात वरच्या श्रेणीतलं नवं ग्राफिक्स कार्ड लांबणीवर पडलं की जो तो विचारतो, आता कधी येणार? त्याआधी विचारायला हवं, दोष सापडला तो नेमका कुठे? ट्रान्झिस्टरांत, त्यांना जोडणाऱ्या तारांत, बोर्डावर, की कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये? ड्रायव्हरमधली एखादी चूक काही दिवसांत निघते. बोर्डावरची काही आठवड्यांत. तारांमध्ये असेल तर महिने मोजायचे. आणि ट्रान्झिस्टरांपर्यंत हात घालावा लागला, तर अर्धं वर्ष गेलंच म्हणून समजा.

म्हणून आपण आतून बाहेर येऊ.

(पडद्यावर : मास्कचं जवळून चित्र.)

चिपचा आराखडा कारखान्याच्या हवाली होतो, त्याला टेप-आउट म्हणतात. आराखड्यातल्या प्रत्येक थराची आकृती एकेका मास्कवर, म्हणजे वेफरवर ती छापण्याच्या साच्यावर, कोरली जाते, आणि असे कित्येक डझन मास्क लागतात. पहिली खेप प्रयोगशाळेत आली की आधी फक्त वीज देऊन चिप किती करंट ओढते ते बघतात. मग चिपच्या कामाला ताल देणारं क्लॉक चालू करतात. मग मेमरीशी बोलणं जमतंय का, ते पाहतात. मग पडद्यावर एक साधं चित्र. ते दिसलं की खरी परीक्षा सुरू होते : व्होल्टेज वर-खाली, तापमान वर-खाली, रात्रंदिवस.

दोष निघाला की चिपची पुढची आवृत्ती काढावी लागते. ग्राफिक्स चिप आखणाऱ्या एनव्हीडिया कंपनीच्या चिपवर छापलेल्या नावाच्या शेवटी ए१, ए२, ए३ असं काही दिसतं. आकडा वाढला म्हणजे तारांचे वरचे थर बदलले. अक्षर बदललं म्हणजे तळाचे ट्रान्झिस्टरही बदलले. इथे कारखान्यांची एक जुनी युक्ती कामी येते. पहिल्या खेपेतल्या काही वेफर्स ट्रान्झिस्टरांचे थर झाल्यावर मुद्दाम थांबवून ठेवतात. दोष फक्त तारांत असला तर नवे मास्क येताच त्या वेफर्स तिथून पुढे निघतात आणि तीन महिन्यांचं काम काही आठवड्यांवर येतं. दोष तळाशी असला तर त्या राखलेल्या वेफर्सचा काही उपयोग नाही. कोऱ्या वेफरपासून पुन्हा सुरुवात.

(पडद्यावर : ३० सप्टेंबर २००९.)

या दिवशी एनव्हीडियाच्या परिषदेत कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी 'फर्मी' रचनेचं कार्ड हातात धरून दाखवलं. ते चालणारं कार्ड नव्हतं, दाखवण्यापुरता नमुना होता, हे पुढे कंपनीनेच मान्य केलं. आठवडाभर आधी, २३ सप्टेंबरला, एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचं रेडिऑन एचडी ५८७० बाजारात उतरलं होतं. फर्मीचं पहिलं कार्ड, जीफोर्स जीटीएक्स ४८०, जाहीर व्हायला २६ मार्च २०१० उजाडलं आणि लोकांच्या हाती ते पडलं एप्रिलमध्ये. मधलं अर्धं वर्ष प्रतिस्पर्ध्याला मोकळं मैदान मिळालं.

दोन्ही चिप टीएसएमसी या चिप-कारखान्याच्या एकाच ४० नॅनोमीटर प्रक्रियेवर बनल्या होत्या (नॅनोमीटरचा आकडा लहान तितकी बांधणी बारीक). मग एकच का अडली? एएमडीची चिप ३३४ चौरस मिलिमीटरची, २१५ कोटी ट्रान्झिस्टरांची. फर्मी ५०० चौरस मिलिमीटरच्याही पुढे, ३०० कोटी ट्रान्झिस्टरांची. ह्वांग यांनी नंतर कारण उघडपणे सांगितलं. गणित करणारे भाग ठीक होते. त्यांना एकमेकांशी जोडणारं तारांचं जाळं चालेना. तारा इतक्या दाट बसवलेल्या होत्या, की संगणकावरच्या मॉडेलने त्यांचं जे वागणं सांगितलं, ते प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये उतरलं नाही. चिपचे भाग सुटे सुटे शाबूत, आणि त्यांचा आपसातला संवाद बंद.

विक्रीला आलेल्या चिपवर 'ए३' छापलेलं होतं. म्हणजे दोन दुरुस्त्या झाल्या, दोन्ही तारांच्या थरांत. त्यानंतरही चिप पुरी उघडता आली नाही. फर्मीत गणित करणाऱ्या ३२ कोअरचा एक, असे १६ गट होते, एकूण ५१२ कोअर. जीटीएक्स ४८० मध्ये त्यातला एक गट बंद ठेवावा लागला. राहिले ४८०. वीज मात्र २५० वॉट. सगळे ५१२ कोअर चालू असलेलं जीटीएक्स ५८० आलं ९ नोव्हेंबर २०१० ला, आणि त्यासाठी ट्रान्झिस्टरांच्या पातळीवर फेरबदल करावे लागले. जे काम तारा बदलून भागलं नाही, ते शेवटी तळाशी जाऊनच करावं लागलं.

एएमडीने काय वेगळं केलं, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी रेडिऑन एचडी ४७७० काढलं. लहान चिप, मध्यम किमतीचं कार्ड, पण प्रक्रिया तीच नवी ४० नॅनोमीटर. या चिपने प्रक्रियेचे दुखरे भाग आधीच दाखवून दिले. त्यातला एक म्हणजे व्हाया. तारांचे दोन थर जोडणारा उभा खांब, तो व्हाया. एका चिपमध्ये ते कोट्यवधी असतात, आणि ४० नॅनोमीटरवर ते कच्चे निघत होते. उपाय साधा पण महागडा : जिथे एक व्हाया पुरतो तिथे दोन द्यायचे. एक निकामी झाला तर दुसरा काम चालू ठेवतो. जागा जास्त लागते, चिप वाढते, पण चालते. एचडी ५८७० मध्ये हे केलं गेलं. तरीही पहिले काही महिने त्या कार्डांचा तुटवडा होताच, कारण प्रक्रियाच अजून रुळली नव्हती.

नवी रचना आणि नवी प्रक्रिया, दोन्हींचा पहिला प्रयोग सगळ्यात मोठ्या चिपवर करू नये. आमच्या मते लांबलेल्या कार्डांच्या इतिहासातून निघणारी ही सर्वांत ठोस गोष्ट. २००२ मध्येही हेच घडलं होतं. एटीआय या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने जुन्या, रुळलेल्या १५० नॅनोमीटरवर रेडिऑन ९७०० प्रो ऑगस्टमध्येच विकायला काढलं. एनव्हीडिया नव्या १३० नॅनोमीटरची वाट बघत राहिली. जीफोर्स एफएक्स ५८०० नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं आणि दुकानात पोचेपर्यंत २००३ लागलं.

(पडद्यावर : वेफरच्या दोन आकृत्या. एकीवर मोठे चौकोन, दुसरीवर लहान. दोन्हींवर सारखेच लाल ठिपके.)

आकारामुळे काय होतं, ते आकड्यांत मांडू. जीफोर्स आरटीएक्स ५०९० ची चिप ७५० चौरस मिलिमीटरची आहे. एका वेफरवर, कडेचे अर्धवट तुकडे सोडून, अशा सुमारे ७० बसतात. समजा, दर १० चौरस सेंटिमीटरला सरासरी एक दोष पडतो. या हिशेबाने निर्दोष चिप निघतील जेमतेम ३३. तीच वेफर, तेवढेच दोष, पण चिप १५० चौरस मिलिमीटरची घेतली तर बसतात चारशेच्या वर आणि त्यातल्या साडेतीनशेहून अधिक निर्दोष निघतात. दोष वाढले नाहीत; मोठी चिप एकेका दोषापायी जास्त सिलिकॉन गमावते.

म्हणून मोठी चिप सहसा पूर्ण विकतच नाहीत. दोष पडलेला गट बंद करून बाकीची चिप वापरतात. ५०९० च्या चिपमध्ये मुळात १९२ गट आहेत. कार्डात चालू असतात १७०. हे २२ गट राखीव धरले नसते तर कार्ड मुबलक व्हायला आणखी बराच काळ गेला असता. तारीख पाळण्यासाठीची ही तजवीज आराखडा होतानाच करावी लागते. शेवटच्या महिन्यात ती सुचून उपयोग नसतो.

कधी दुरुस्तीपेक्षा शोधच जास्त वेळ खातो. २००५ मध्ये एटीआयच्या रेडिऑन एक्स१८०० ची चिप चालत होती, फक्त ठरलेल्या वेगाला पोचत नव्हती. चूक निघाली बाहेरून घेतलेल्या एका तयार भागात. स्वतःचा आराखडा शंभरदा तपासूनही ती सापडणार नव्हती. जीफोर्स ७८०० जीटीएक्स २२ जूनला बाजारात आलं. एक्स१८०० जाहीर व्हायला ५ ऑक्टोबर झाला.

(पडद्यावर : बोर्ड. मधोमध चिपची जागा, भोवती मेमरीचे काळे चौकोन.)

आता चिपच्या बाहेर. ५०९० वर ३२ गिगाबाइट मेमरी आहे : दोन-दोन गिगाबाइटच्या १६ चिप, प्रत्येकीला ३२ बिटांची वाट, मिळून ५१२ बिट. सोळातली एक आली नाही तर बाकी पंधरा आणि ती महागडी मोठी चिप, सगळं कपाटात पडून राहतं. चिप ज्या पातळ पाटीवर बसवतात त्या सबस्ट्रेटचंही तसंच. २०२० नंतरची दोन वर्षं सबस्ट्रेटच्या थरांत लागणाऱ्या फिल्मचा आणि खुद्द सबस्ट्रेटचा जगभर तुटवडा होता.

बोर्डाचं एक उदाहरण मुद्दाम जवळून पाहू. सप्टेंबर २०२०, जीफोर्स आरटीएक्स ३०८०. बोर्ड उलटा करा. चिपच्या बरोबर मागे कपॅसिटरच्या सहा जागा दिसतात. चिप क्षणार्धात जास्त करंट मागते, तेव्हा व्होल्टेज खचू नये म्हणून हे कपॅसिटर तिथे असतात. प्रत्येक जागी एकतर एक मोठा कपॅसिटर बसवता येतो, नाहीतर दहा चिमुकल्या सिरॅमिक कपॅसिटरांचा पुंजका. मोठा जास्त साठवतो. चिमुकले जास्त चपळ असतात. ईव्हीजीए या कंपनीने आपल्या वरच्या मॉडेलवर सहाही जागी मोठे बसवले होते. उत्पादनातल्या तपासणीत ती कार्डं प्रत्यक्ष वापराच्या चाचणीत टिकेनात. कारण शोधायला जवळपास आठवडा गेला. मग दोन मोठे काढून २० चिमुकले बसवले, आणि म्हणूनच ते मॉडेल उशिरा आलं, असं कंपनीने जाहीरपणे सांगितलं. त्याच सुमाराला घाईने विकल्या गेलेल्या इतर काही कंपन्यांची कार्डं खेळ चालू असताना बंद पडत होती. एनव्हीडियाने महिनाअखेरीस नवा ड्रायव्हर दिल्यावर तो त्रास बराच थांबला.

तो एक आठवडा अगदी योग्य ठिकाणी खर्च झाला. तारीख पक्की झाली आणि आधीचं काम लांबलं, की कात्री चाचणीवरच चालते. आराखडा कमी करता येत नाही, वेफरचे दिवस कमी करता येत नाहीत, जहाज-विमानाचे दिवस ठरलेले असतात. उरते ती चाचणी. डिसेंबर २०२२ मध्ये विक्रीला आलेल्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांच्या कूलरमधल्या व्हेपर चेंबरमध्ये, म्हणजे वाफेने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद डबीत, पाणीच कमी भरलेलं निघालं. ती कार्डं ग्राहकांकडे पोचल्यावर हे कळलं.

वीजजोडणीचंही तेच. ६०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर. नव्या कनेक्टरमध्ये ते सहा पिनांत वाटले जातात, दर पिनेला आठ अँपिअरहून थोडे जास्त. दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर साडेबारा येतात आणि प्लास्टिक वितळायला लागतं. आरटीएक्स ४०९० च्या वेळी हे दिसल्यावर कनेक्टरमधल्या खुणेच्या चार लहान पिना आखूड करण्यात आल्या, म्हणजे प्लग पुरता बसल्याशिवाय कार्डाला पूर्ण शक्ती घेता येऊ नये. प्लग आत दाबा, खटका बसू द्या आणि प्लगच्या तोंडाशीच केबल वाकवू नका.

(पडद्यावर : ड्रायव्हर बसवतानाची पट्टी, अर्ध्यावर.)

ड्रायव्हरमधली एक चूक लवकर निघते, हे आधी सांगितलं. पण ड्रायव्हरच कच्चा असेल तर तोही महिने खातो. इंटेलने आर्क कार्डांसाठी आपल्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचाच ड्रायव्हर पुढे न्यायचा ठरवलं. तो अजिबात पुरला नाही, अशी कबुली कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी जुलै २०२२ मध्ये दिली. आर्क ए७७० विक्रीला आलं १२ ऑक्टोबर २०२२ ला.

साठ्यासाठी पुढे ढकललेली तारीख यात सर्वांत निरुपद्रवी. आरटीएक्स ३०७० ची १५ ऑक्टोबर २०२० ची तारीख २९ वर गेली, ती पहिल्या दिवशी जास्त कार्डं असावीत म्हणून.

(पडद्यावर : कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरची खिडकी. 'आरओपी' या रकान्यावर चौकट.)

सगळ्यात आतला दोष सगळ्यात शेवटी, ग्राहकाच्या टेबलावर सापडला तर काय होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं. आरटीएक्स ५०९० मध्ये चित्राचे ठिपके पूर्ण करणारी १७६ एककं असायला हवीत, त्यांना आरओपी म्हणतात. काही कार्डांत ती १६८ च निघाली. एनव्हीडियाने सांगितलं की ५०९० आणि ५०७० टीआय या कार्डांतली सुमारे अर्धा टक्का कार्डं अशी आहेत, आणि वेग सरासरी ४ टक्के कमी पडतो. कार्ड चालतं, चित्र नीट दिसतं, त्यामुळे न मोजता हे लक्षातही येत नाही. जीपीयू-झेड उघडा, आरओपीचा आकडा वाचा. ५०९० वर १६८ दिसला तर नवा ड्रायव्हर, नवं फर्मवेअर, काहीच उपयोगाचं नाही. कार्ड विकत घेतलं तिथे परत करा आणि बदलून घ्या.