पगार की शिष्यवृत्ती? संशोधनासाठी जर्मनीला निघण्याआधी

[दृश्य: बर्लिन, डालेम. झाडांमागे जुनी इमारत. रस्त्याची पाटी: इहनेश्ट्रासे.]

बर्लिनच्या नैऋत्येला डालेम नावाचा शांत भाग आहे. तिथल्या इहनेश्ट्रासे २२ या इमारतीत आज फ्री युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी राज्यशास्त्र शिकतात. १९२८च्या अखेरीस इरावती कर्वे जर्मनीत आल्या, तेव्हा इथे कायझर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था नुकतीच उभी राहिली होती. मानवी कवटीच्या असममितीवर त्यांनी इथे डॉक्टरेट केली. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशशास्त्राशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, तेच. घरून या प्रवासाला सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, पाठिंबा नव्हता. पैसे काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांनी कर्जाऊ दिले होते.

आज पुण्याच्या आयसर किंवा मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थेतून जर्मनीला जाणाऱ्याला कर्ज काढावं लागत नाही. पैसे जर्मनी देते. पण ते पैसे कशाचे म्हणून मिळणार आहेत, हा प्रश्न निघण्याआधी फार थोडे जण विचारतात.

[दृश्य: लॅपटॉपवर उघडलेलं निवडीचं पत्र.]

पत्र येतं. महिन्याला इतके इतके युरो. लगेच गुणाकार होतो, रुपयांत आकडा निघतो, पेढे येतात. त्या गडबडीत पत्रातली एक गोष्ट नजरेआड होते. हा नोकरीचा करार आहे, की श्टिपेंडियुम, म्हणजे शिष्यवृत्ती?

नोकरी असेल तर तुम्ही विद्यापीठाचे किंवा संस्थेचे कर्मचारी. पगार सरकारी वेतनश्रेणीने, बहुतेकांना ई-१३ या श्रेणीत. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाला, सहसा पूर्ण, पीएचडी करणाऱ्याला अनेकदा तिचा अर्धा किंवा ६५ टक्के भाग. त्यातून प्राप्तिकर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा असं सगळं कापलं जातं. पूर्ण पगारावरच्या अविवाहित माणसाच्या हातात साधारण साठ टक्के उरतात. पहिली पगारपावती पाहून बरेच जण हबकतात. लग्न झालेल्यांना करात सवलत मिळते, पण जोडीदार तिथे सोबत राहत असेल तर. नवरा किंवा बायको नाशिकला राहिली, तर कर साधारणपणे अविवाहितासारखाच.

शिष्यवृत्तीतून यातलं काही कापलं जात नाही. ती बहुतेक वेळा करमुक्त असते. त्यामुळे कागदावरचा आकडा लहान असला तरी हातात येणारी रक्कम जवळपास तेवढीच दिसते. हिशेब इथेच चुकतो. जे कापलं जात नाही, ते तुमच्या नावावर साठतही नाही. पेन्शनचे महिने मोजले जात नाहीत. करार संपल्यावर बेकारी भत्त्याचा हक्क नसतो. आरोग्य विमा स्वतः शोधावा लागतो.

पेन्शन? तिशीच्या माणसाने त्याची काळजी कशाला करायची? कारण जर्मनीत कायमच्या वास्तव्याचा परवाना त्याला बांधलेला आहे. संशोधक म्हणून आलेल्या माणसाला तीन वर्षांनी तो मागता येतो. त्यासाठी बी-१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा लागते आणि पेन्शन खात्यात ३६ महिन्यांचा भरणा लागतो. शिष्यवृत्तीवर तीन वर्षं प्रयोगशाळेत रात्री जागवल्या, तरी त्या खात्यात शून्य. आपण होऊन हप्ते भरायची सोय आहे, ते महिने धरले जातात. पण हे कुणी आधी सांगत नाही. शेजारच्या टेबलावरचा नोकरीवाला सहकारी परवाना घेऊन येतो, तेव्हा कळतं.

म्हणून होकार कळवण्याआधी एक ईमेल पाठवा. शिष्यवृत्तीऐवजी नोकरीचा करार देता येईल का? प्रत्येक संस्थेला ते जमत नाही. हुंबोल्ट फाउंडेशनसारख्यांची फेलोशिप ही शिष्यवृत्तीच असते आणि मानाची असते, ती नाकारायचं काही कारण नाही. पण युरोपीय संघाच्या मारी क्यूरी या संशोधकांसाठीच्या योजनेत नोकरीचा करार हाच नियम आहे. आणि विचारल्यामुळे निवड रद्द होत नाही. आपल्याकडे गाइडला असं विचारायला जीभ रेटत नाही. तिथे हा रोजचा प्रश्न आहे.

[दृश्य: दवाखान्याबाहेरची पाटी.]

आरोग्य विम्याचंही तसंच. नोकरीवाल्याला सार्वजनिक विमा मिळतो. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, वेगळा पैसा नाही. भारतातून थेट शिष्यवृत्तीवर आलेल्याला बहुधा खासगी विमा घ्यावा लागतो, तिथे माणशी वेगळा हप्ता. स्वस्तातले काही विमे प्रवासी विम्याच्याच जातीचे असतात. बाळंतपण किंवा जुना आजार त्यात बसतो का, हे सही करण्याआधी वाचा.

[दृश्य: मुंबई. व्हिसा केंद्राबाहेरची रांग, हातात फायली.]

आता कागद. संशोधकाच्या व्हिसासाठी संस्थेकडून यजमान करार, म्हणजे ती तुम्हाला संशोधनासाठी घेते आहे असा लेखी करार, लागतो. तो मागून घ्या. "आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, मग तिथे बदलू" असा सल्ला देणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो. त्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका.

कुटुंब सोबत असेल तर विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले. एका देशाचे दाखले दुसऱ्या देशात एका शिक्क्यावर मान्य व्हावेत म्हणून अपॉस्टिल करार आहे. भारत २००५मध्ये त्यात आला आणि परराष्ट्र मंत्रालयातून तो शिक्का मारून घेतला की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली होती. त्यामुळे तो शिक्का तिथे चालेलच असं धरू नका. ज्या शहरात जाणार तिथल्या कार्यालयाला नेमकं काय लागतं, ते परदेशी संशोधकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या स्वागत कक्षामार्फत आधी विचारून घ्या. युराक्सेस नावाचं युरोपचं संशोधकांसाठीचं जाळं आहे, त्याची केंद्रंही यात मदत करतात, तीही फुकट.

आपल्या नावांचा घोळ वेगळाच. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव त्याच रकान्यात असतं. जर्मन कारकून ती सगळी तुमचीच नावं मानतो. मग सुनीताबाईंना विम्याचं पत्र "सुनीता राजेंद्र" म्हणून येतं. त्यावर वाद घालू नका, पण करारावर, बँकेत आणि विम्यात नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखंच ठेवा.

[दृश्य: इमारतीचं दार. घंटीच्या बटणांशेजारी आडनावं.]

उतरल्यावर पहिलं काम, पत्त्याची नोंद. आन्मेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. कराचा क्रमांक या नोंदीनंतर टपालाने येतो. बँक, वास्तव्याचा परवाना, मुलाची शाळा, सगळीकडे नोंदीचा कागद मागतात. म्हणून इंटरनेटवर एखादी खोली फार स्वस्त दिसली आणि खाली लिहिलं असेल की आन्मेल्डुंग होणार नाही, तर पुढच्या जाहिरातीकडे वळा. तात्पुरतं राहायचं तर संस्थेचं अतिथिगृह बरं. खोली न बघता अनामत पाठवू नका. परदेशी लोकांना गंडवायचा तो ठरलेला मार्ग आहे.

अनामतीला कायद्याची मर्यादा आहे. हीटिंग वगैरे खर्च सोडून जे नुसतं भाडं असतं, त्याच्या तिप्पट. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. आणि घर घेताना स्वयंपाकघर आहे का, ते विचाराच. ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले, अशी घरं तिथे सर्रास मिळतात. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून सोबत नेतो.

आणखी एक. तिथल्या इमारतींत बहुतेक ठिकाणी फ्लॅटला क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. तुमचं आडनाव पेटीवर नसेल, तर कराचा क्रमांक, बँकेचा पिन, सगळं "असा माणूस इथे राहत नाही" म्हणून परत. कागदाची चिठ्ठी आणि चिकटपट्टी, पहिल्याच संध्याकाळी. त्या पेटीत पुढे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल, घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नाही म्हणून सुटका होत नाही.

[दृश्य: बालवाडी. दारात रांगेने लहान गमबूट.]

संशोधकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि परवाना मिळाल्यावर लगेच नोकरी करता येते. कायद्यात हे सोपं आहे. मुलाला पाळणाघरात जागा मिळणं मात्र सोपं नाही, आणि ती मिळेपर्यंत दोघांपैकी एकाची नोकरी कागदावरच राहते. हे एक बहुधा कोण असतं, ते सांगायला नको. कराराची तारीख ठरली की त्याच आठवड्यात पाळणाघराच्या यादीत नाव घाला.

[दृश्य: प्रयोगशाळा, रात्र. टेबलावर कॅलेंडर.]

नोकरीवाल्यांनी पहिल्या दोन महिन्यांत एक अर्ज बघावा. सरकारी संस्थांत व्हीबीएल नावाची जादा पेन्शन असते, तिचा लाभ पाच वर्षांच्या भरण्यानंतर. मुदतीच्या करारावर तेवढी वर्षं भरणार नसतील, तर संशोधकाला त्यातून सूट मागून व्हीबीएलच्याच दुसऱ्या योजनेत जाता येतं. दोन महिने उलटले की दार बंद.

मुदतीचा करार संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नोंद करायची असते. मुदतवाढ तोंडी कबूल झाली असली तरीही. संशोधन पूर्ण झाल्यावर काम शोधायला नऊ महिन्यांपर्यंत परवाना मिळू शकतो.

आणि परत यायचं ठरलं तर? पत्त्याची नोंद रद्द करून त्याचा कागद घ्या. पेन्शनचा भरणा पाच वर्षांहून कमी असेल, तर युरोपीय संघाबाहेर राहायला आल्यावर दोन वर्षांनी तुमच्या वाट्याचे पैसे परत मागता येतात. नोकरी देणाऱ्या संस्थेचा वाटा परत येत नाही. पाच वर्षं पूर्ण झाली असतील, तर पैसे तिथेच राहतात आणि निवृत्तीच्या वयात पेन्शन भारतातल्या खात्यात येते. हा अर्ज दोन वर्षांनी करायचा असल्यामुळे पेन्शन विम्याच्या क्रमांकाचं पत्र बहुतेकांना तेव्हा सापडत नाही. ते पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.