प्रतिद्रव्य खालीच पडतं

मंडळी, प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या द्रव्यातल्या कणांच्या उलट्या जोडीदारांचं, म्हणजे प्रतिकणांचं, बनलेलं द्रव्य. त्याबद्दल एक समज फार पसरलेला आहे, तो आधी बाजूला करू. पुष्कळांना वाटतं, हे सगळ्याच बाबतींत उलटं असणार. वजन उणे, हातातून सोडलं तर वर जाणारं. तसं नाही. आपली सोलापुरी जॅकार्ड चादर उलटी करून बघा. नक्षी तीच, वजन तेच. फक्त तांबड्याच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी तांबडा. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांचं नातं असंच आहे. ऋण प्रभाराच्या जागी धन प्रभार आला, वस्तुमान तेवढंच राहिलं.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकनं 1928 साली मांडलेल्या समीकरणातून ही जोडी निघाली, आणि 1931 मध्ये त्यानं स्पष्टच लिहिलं, की इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, पण धन प्रभाराचा कण असायला हवा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पासाडेना इथे कार्ल अँडरसनला तो दिसला. त्याचा तो फोटो मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर पुराव्यांपैकी एक वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाष्प भरलेल्या कोठीतून अंतराळातून आलेले कण जातात तेव्हा मागे बारीक थेंबांची रेघ उमटते. कोठी चुंबकीय क्षेत्रात ठेवली की रेघ वाकते. वेग सारखा असेल तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सारखेच वाकतात, मात्र विरुद्ध बाजूंना. अडचण अशी, की वरून खाली येणारा पॉझिट्रॉन आणि खालून वर जाणारा इलेक्ट्रॉन यांच्या रेघा हुबेहूब सारख्या दिसतात. मग ओळखायचं कसं? अँडरसननं कोठीत मधोमध 6 मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता. फोटोत पत्र्याखालची रेघ कमी वाकलेली होती, वरची जास्त. शिशातून जाताना कणाची ऊर्जा घटते आणि मंदावलेला कण जास्त वळतो. म्हणजे हा गडी खालून वर गेला होता! दिशा कळली आणि तिच्यावरून प्रभारही कळला, तो धन होता. मग प्रोटॉन का नाही? कारण इतका वाकणारा प्रोटॉन फार लवकर थांबला असता. फोटोतली रेघ त्याच्या किमान दहापट लांब होती.

वस्तुमान उणे नाही, याचा पुरावा तर दवाखान्यात रोज मिळतो. कॅन्सरच्या रुग्णाचा पेट स्कॅन करताना फ्लोरिन-18 जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, शेजारचा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि गॅमा किरणांचे दोन कण विरुद्ध दिशांना सुटतात. प्रत्येकाची ऊर्जा 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे बरोबर एका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाएवढी. पॉझिट्रॉनचं वस्तुमान उणे असतं तर बेरीज शून्य झाली असती आणि यंत्राला काहीच दिसलं नसतं. आणि हो, आपल्या करमाळ्याच्या केळ्यातल्या पोटॅशियममधूनही काही तासांत एखादा पॉझिट्रॉन बाहेर पडतो. केळी बिनधास्त खा, त्यानं काही होत नाही.

प्रोटॉन आणि त्याचा प्रतिकण प्रतिप्रोटॉन यांची तुलना तर याहून काटेकोर आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या बेस गटानं 2022 मध्ये दोघांचं प्रभार आणि वस्तुमानाचं गुणोत्तर ताडून पाहिलं. लाख कोटी भागांत 16 भागांइतक्या बारकाईपर्यंत फरक सापडला नाही.

राहिला पडण्याचा प्रश्न. सोपा वाटतो, पण उत्तर मिळायला 2023 उजाडलं. प्रतिप्रोटॉन सुटा सोडला, तर आसपासच्या किंचितशा विद्युत क्षेत्रापुढे गुरुत्वाकर्षणाचा टिकाव लागत नाही. म्हणून सर्नमधल्या अल्फा गटानं प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन जोडून प्रतिहायड्रोजनचे अणू तयार केले. त्यांच्यावर एकूण प्रभार नसतो. त्यांना अतिथंड करून उभ्या चुंबकीय सापळ्यात ठेवलं आणि वरची-खालची चुंबकीय झाकणं हळूहळू सैल केली. सुमारे 80 टक्के अणू खालून निसटले. साध्या हायड्रोजनचंही गणितानं तेवढंच यायला हवं. अचूकता अजून मोजमापाच्या पहिल्या पायरीवरची आहे, पण वर जाण्याची शक्यता मिटली.

इतकी तंतोतंत जोडी आहे, म्हणूनच मला खरी काळजी पुढच्या प्रश्नाची वाटते. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच तयार झालं, तर एकमेकांना संपवून फक्त प्रकाश उरायला हवा होता. मग आपण कसे उरलो? वस्तुमानात फरक नाही, पडण्यात दिसला नाही. पण कण आणि प्रतिकण यांच्या क्षयात, म्हणजे फुटून दुसरे कण होण्यात, बारीकसा फरक 1964 मध्ये सापडला. 2025 साली तो प्रोटॉनच्याच कुळातल्या एका जड कणातही दिसला, अवघा अडीच टक्क्यांचा. आपल्या माहितीतल्या नियमांत बसणारे हे फरक सगळे मिळवले, तरी तारे, धरती आणि आपण यांच्या उरण्याचा हिशेब जुळत नाही. शोध तिथेच चालू आहे.